काका का पळत होते

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. मी नव्या इमारतीच्या तळमजल्यावर, सर्व्हर रूमच्या दारात उभा होतो आणि समोरच्या पटांगणातून काका पळत चालले होते. पळत म्हणजे काय, ५७ वर्षांचा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी जेवढं पळू शकतो तेवढं. पाऊस पडत होता. जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर रक्तपेढी, आणि रात्री तिथली लिफ्ट बंद. बऱ्याच वेळाने काका परत आले, माझ्यासमोरच्या पायरीवर बसले, डोक्यावरचा रुमाल पिळला आणि म्हणाले,

"पोरा, तुझा फोन बोलंना, म्हणून मला पळावं लागतंय."

ही २०१६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. नाशिकमधल्या एका मोठ्या दवाखान्यात मी तेव्हा कंत्राटी नेटवर्क टेक्निशियन होतो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यातल्या बऱ्याच चुका माझ्याच आहेत, तेव्हा नाव माझं खराब झालं तर झालं.

काका रात्रपाळीचे वॉर्डबॉय. सगळा दवाखाना त्यांना काकाच म्हणायचा. त्या रात्री कॅज्युअल्टीत एक बाळंतीण आली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. आता रक्ताचा नमुना घेऊन कुणाला तरी एकदा रक्तपेढीत जावंच लागतं. पण त्या गटाचं रक्त आहे का, पिशवी तयार झाली का, हे विचारायला फोन असतो. सिस्टर फोनवर ओरडून ओरडून थकल्या. पलीकडून "हॅलो, हॅलो, बोला ना" हे स्वच्छ ऐकू यायचं, पण यांचा आवाज तिकडे पोचायचा तो तुटून तुटून, पाण्यात बुडत्या माणसासारखा. म्हणून एका खेपेच्या जागी काकांच्या तीन खेपा झाल्या. बाई वाचली, ते डॉक्टरांमुळे आणि काकांच्या पायांमुळे. माझ्या नेटवर्कमुळे नाही.

वाचकहो, आमच्या वस्तीत मला अजून विचारतात, "काय काम करतोस रे?" मी म्हणतो, कॉम्प्युटरचं. "म्हणजे टायपिंग?" माझ्या आईलासुद्धा कैक वर्षं तेच वाटायचं. आता आपल्या घरांतली पुष्कळ मुलंमुली आयटीआय, डिप्लोमा करून या धंद्यात येताहेत. म्हणून ते काम काय आहे, आणि त्यात माणूस कुठे चुकतो, ते आज जरा सविस्तर सांगतो.

स्विच म्हटलं की भिंतीवरचं बटण आठवतं. हा स्विच वेगळा. ही एक चपटी पेटी असते, तिला २४ किंवा ४८ भोकं असतात. एकेका भोकाला पोर्ट म्हणतात. त्यात कॉम्प्युटर, फोन, कॅमेरे यांच्या वायरी येतात आणि इकडचा माल तिकडे जातो. स्वस्तातला स्विच जे येईल ते पुढे ढकलतो, त्याला काही सांगता येत नाही. महागातल्या स्विचला हुकूम देता येतात: कुणाला पुढे सोडायचं, कुणाला किती वेगाने जाऊ द्यायचं, कुणाला अडवायचं. ते हुकूम लिहिणं हे माझं काम.

पूर्वी दवाखान्यात फोनचं वेगळं एक्सचेंज होतं. प्रत्येक फोनला तांब्याच्या दोन तारा, त्या फक्त त्याच्याच. कुणी त्यावर अतिक्रमण करू शकत नसे. २०१५ साली ते एक्सचेंज काढलं आणि फोन कॉम्प्युटरच्याच वायरींवर आणले. खर्च वाचला. पण आता एकाच रस्त्यावर फोन, कॅमेरे, सीटी स्कॅनची चित्रं आणि रात्रीचा बॅकअप, सगळे आले. नव्या इमारतीतून जुन्या इमारतीत जाणारी फायबर जुनी, तिच्या दोन्ही टोकांना जुने कन्व्हर्टर. त्यातून सेकंदाला १०० मेगाबिटच जायचे. नवी फायबर टाकायची फाइल टेबलांवरून फिरत होती.

आता एक हिशेब सांगतो, तो मला स्वतःला पहिल्यांदा कळला तेव्हा मी चक्रावलो होतो. एका बोलण्याला सेकंदाला साधारण ८७ किलोबिट लागतात. म्हणजे १०० मेगाबिटच्या रस्त्यावरून एका वेळी हजाराच्या वर माणसं बोलू शकतात. आणि आमची एक सिस्टर बोलू शकत नव्हती!

कारण असं. फोन आपल्या आवाजाचे सेकंदाला ५० तुकडे करतो. एकेक तुकडा पॅकेटमध्ये, म्हणजे पाकिटातच म्हणा, घालून पाठवतो. तिकडचा फोन ती पाकिटं ओळीने उघडून आवाज जोडतो. तोंडातून निघालेला शब्द समोरच्याच्या कानात दीडशे मिलिसेकंदांच्या आत पडावा, असं टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय नियमात सांगितलेलं आहे. सेकंदाचा सातवा हिस्सा समजा. आता आमच्या सर्व्हरची वायर १००० मेगाबिटची आणि पुढचा रस्ता १००चा. सर्व्हरने माल सोडला की रस्त्याच्या तोंडाशी गर्दी. स्विचमध्ये थांबायला थोडी जागा असते, तिला बफर म्हणतात. ती भरली की पुढे येईल ते पाकीट स्विच सरळ फेकून देतो. ते बॅकअपचं की सिस्टरच्या हाकेचं, हे तो बघत नाही. बॅकअपचं पाकीट हरवलं तर सर्व्हर ते पुन्हा पाठवतो, काही बिघडत नाही. पण "ओ पॉझिटिव्ह" मधला "पॉझि" हरवला, तर पुन्हा पाठवून काय उपयोग? तोवर बोलणं पुढे गेलेलं असतं.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण नेमकं काय चाललंय ते मला सापडत नव्हतं. दिवसा मी तपासायचो तेव्हा फोन जवळजवळ ठीक असायचे. त्या पायरीवर बसून काकांनीच ते सांगितलं. "एकच्या टोल्यानंतर तुझा फोन मरतो, अन् सव्वादोनला जिता होतो. रोजचं हाय." मी सिस्टरांची रात्रीची वही मागून घेतली. खरंच, फोनच्या सगळ्या तक्रारी एक ते सव्वादोनच्या आतल्या. एक वाजता आमचा बॅकअप सुरू व्हायचा. सुमारे ५० गिगाबाइट माल, १०० मेगाबिटचा रस्ता: कागदावर हिशेब केला, तर तास-सव्वातास. मी पदविकाधारक, आणि रोगाचं निदान केलं चौथी शिकलेल्या माणसाने. असो.

उपाय काय, हे समजायला मला माझ्या वडिलांची आठवण पुरली. आबा भुसावळ डिव्हिजनमध्ये पॉइंट्समन होते. लहान स्टेशनवर मधोमध मेन लाइन आणि बाजूला लूप लाइन असते. मागून मेल येत असली की मालगाडी लूपला घ्यायची, मेल निघून गेली की तिला सोडायची. आम्ही पोरं विचारायचो, मालगाडीलाच का थांबवतात? आबा म्हणायचे, "कोळसा दोन तास उशिरा पोचला तरी तो कोळसाच राहतो. मेलमधल्या माणसाचं तसं नसतं." पण ते हेही सांगायचे की मालगाडी लूपला घालून विसरून जायचं नसतं. दीपनगरच्या वीजकेंद्राचा कोळसा त्याच गाड्यांतून जायचा. तो अडला तर वीज अडली, आणि मग मेल कशावर पळणार? लूपला आठ-नऊ तास अडकलेल्या मालगाडीच्या गार्डला आबा आमच्या क्वार्टरमधून पाणी आणि भाकरी नेऊन द्यायचे.

नेटवर्कमध्ये याच गोष्टीला क्वालिटी ऑफ सर्व्हिस म्हणतात. प्रत्येक पाकिटावर एक नंबर लिहायची सोय असते, शून्यापासून ६३ पर्यंत. १९९८ साली इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी ती जागा अशी पक्की केली. बोलण्याच्या पाकिटावर ४६ लिहायची पद्धत आहे. स्विच नंबर बघतो आणि पाकीट वेगवेगळ्या रांगांत लावतो.

क्लासमध्ये हे शिकवलं तेव्हा मी अस्वस्थ झालो होतो. कपाळावर नंबर लिहायचा आणि त्यावरून कुणाला पुढे, कुणाला मागे! आपल्या माणसाला हे ऐकून कसं वाटणार, ते मी सांगायला नको. मी सरांना तसं विचारलंही. ते हसले नाहीत. म्हणाले, "नंबर पाकीट कुणाचं आहे यावरून लिहायचा नाही. ते थांबू शकतं की नाही, यावरून लिहायचा. मालकाच्या सिनेमाला शून्य आणि वॉचमनच्या फोनला ४६. हे ज्याला कळलं, त्याला हा विषय कळला." हे मला चांगलं लक्षात राहिलं होतं, असं मी समजत होतो.

काकांशी बोलणं झालं त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी मी स्विचवर क्वालिटी ऑफ सर्व्हिस चालू केली. एक ओळीचा हुकूम. दिवे लुकलुकत राहिले, कुणाचा फोन आला नाही, मी सातच्या बसने घरी गेलो. आणि त्या रात्री काका एक ते सव्वादोन नव्हे, दहा वाजल्यापासून पहाटेपर्यंत पळाले.

झालं होतं असं. त्या पिढीच्या त्या स्विचांत एक मेख होती, आणि ती माहितीपुस्तकात लिहिलेली होती. वाचायला मी चुकलो. क्वालिटी ऑफ सर्व्हिस चालू केली, की स्विच कुणावरच विश्वास ठेवत नाही. तुम्ही वेगळं सांगितलं नाही, तर येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा नंबर पुसून तो शून्य करतो. म्हणजे फोनने इमानदारीने लिहिलेला ४६ पुसला गेला. शिवाय बफरची जागा आधी सगळ्यांची सामाईक होती, तिचे चार रांगांना चार सारखे भाग झाले. बोलणं, बॅकअप, कॅमेरे, सीटी स्कॅन, सगळे शून्य नंबरचे म्हणून एकाच रांगेत, आणि त्या रांगेला जागा फक्त चतुर्थांश. पूर्वी बॅकअपच्या वेळेतच फोन तुटायचे. आता सीटी स्कॅनचा एखादा ३०० मेगाबाइटचा संच निघाला, तरी वीसपंचवीस सेकंद बोलणं ठार. हुकूम अर्धा दिला की न दिल्यापेक्षा वाईट.

शनिवारी सकाळी मी तोंड चुकवत होतो. काका स्वतःच आले. म्हणाले, "आज तर लईच पळवलं रे बाबा." रागाने नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तो सगळा दिवस मी रॅकसमोर बसून एकेक पोर्ट नीट केला. ज्या पोर्टला फोन जोडलेला आहे, त्याच्या ४६ वर विश्वास ठेवायचा. फोनच्या मागच्या भोकातून पुष्कळदा कॉम्प्युटर जोडलेला असतो, त्याचा नंबर मात्र पुसायचा. कारण नंबर काय, कुणीही स्वतःच्या पाकिटावर लिहील. दोन इमारतींना जोडणाऱ्या पोर्टवर दोन्ही टोकांना सांगायचं, की आतल्या स्विचने लावलेला नंबर खरा माना. आणि बोलण्याच्या रांगेला हुकूम: हिच्यात पाकीट असेल तोवर आधी ते सोडा. हे झाल्यावर रविवारी रात्री मी मुद्दाम थांबलो. एक वाजला, बॅकअप सुरू झाला. मी कॅज्युअल्टीतून रक्तपेढीला फोन लावला. तिकडचे टेक्निशियन म्हणाले, "काय हो, एवढ्या रात्री?" मी म्हटलं, ऐकू येतंय ना, तेवढंच विचारायचं होतं.

फोन सुधारला, पण बॅकअप अजून बाकी सगळ्यांना दाबत होता. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग जुन्या इमारतीत व्हायचं, त्यात एक ते सव्वादोन खाचे पडायचे. म्हणून बॅकअपला लगाम हवा होता. याला पोलिसिंग म्हणतात. आणि इथे मी दुसऱ्यांदा आपटलो.

पोलिसिंग आपल्या घरच्या भाषेत सांगतो. समजा घरात खर्चाचा डबा आहे. त्यात रोज २० रुपये पडतात. खर्च आला की डब्यात पैसे असतील तर करायचा. नसतील तर तो खर्च रद्द. उधारी नाही, थांबणं नाही, रद्द. आणि डबा भरला की वर पडणारे पैसे वाया. स्विच नेमकं हेच करतो. ठरलेल्या वेगाने डब्यात परवाने पडत राहतात, पाकीट आलं की तेवढे परवाने उचलतं, परवाने नसतील तर पाकीट फेकलं जातं. थांबवून मग सोडायची जी दुसरी रीत आहे, तिला शेपिंग म्हणतात. आमच्या त्या स्विचांत आत येणाऱ्या मालाला पोलिसिंगच करता यायचं.

आता यात दोन आकडे असतात: रोज किती पडतात, आणि डबा केवढा आहे. आईला हे न शिकता कळतं. रोजचे २० रुपये पुरेसे असले तरी डबाच ३० रुपयांचा असला, तर ५० रुपयांचा गॅसचा पाइप कधीच घेता येणार नाही, महिना गेला तरी! मी बॅकअपला वेग दिला ३० मेगाबिट आणि डबा ठेवला सगळ्यात लहान, ८००० बाइटचा. म्हणजे पाच मोठी पाकिटं घेतली की डबा रिकामा. सर्व्हर तर पाकिटं झुंडीने पाठवतो. झुंडीतली पहिली पाच गेली, बाकीची फेकली. पाकिटं हरवू लागली की सर्व्हर समजतो रस्ता तुंबलाय, आणि आपला वेग निम्मा करतो. पुन्हा हळूहळू वाढवतो, पुन्हा मार खातो, पुन्हा निम्मा. ३० दिले होते, प्रत्यक्षात ८च्या आसपास पोचत होते. सकाळी दहाला ओपीडीच्या ऐन गर्दीत बघतो, तर बॅकअपचा तिसरा हिस्सा अजून बाकी. डबा ५ लाख बाइटचा केला, वेग तोच ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला बॅकअप मुकाट्याने संपला.

नव्याने शिकणाऱ्या मुलांनो, हे लक्षात ठेवा. सगळे वेगाचा आकडा विचारतात, डब्याचा कुणी विचारत नाही.

इथवरच्या चुका अज्ञानाच्या होत्या. तिसरी तशी नव्हती.

मार्च २०१७. माझं अकरा महिन्यांचं कंत्राट एप्रिलमध्ये संपत होतं. प्रशासनातल्या एका साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "माझं कॉम्प्युटर फार स्लो चालतं. फोनला तुम्ही पहिला नंबर दिलाय म्हणे. तसा मलाही देऊन टाका." मी म्हटलं, साहेब, ते फक्त बोलण्यासाठी असतं. ते म्हणाले, "मग मी काय बोलत नाही का?" आणि हसले. माझ्या कंत्राटाची फाइल त्यांच्याच सहीला जायची. ते तसं काही म्हणाले नाहीत, खोटं कशाला सांगू. त्यांना म्हणायची गरजच नव्हती, माझ्या डोक्यात ती फाइल आधीच उघडली होती.

मी खाली आलो आणि साहेबांच्या पोर्टवर हुकूम लिहिला: इथून जे येईल त्या सगळ्यावर ४६. दोन ओळी. सरांचं वाक्य आठवलं नाही असं नाही. आठवलं.

दोन आठवडे काही झालं नाही. मग मार्चअखेर आली, ऑडिटची घाई. साहेबांच्या खोलीतून स्कॅन केलेली बिलं जुन्या इमारतीच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊ लागली, गठ्ठ्यांवर गठ्ठे, रात्री दहा-अकरापर्यंत. प्रत्येक पाकिटावर ४६. पहिल्या रांगेचा हुकूम माझाच होता, की हिच्यात काही असेल तोवर दुसऱ्या कुणाला सोडू नका. त्यामुळे सगळा रस्ता बिलांचा झाला. फोनही त्याच पहिल्या रांगेत, पण बिलांच्या ढिगाऱ्याखाली. कॅमेऱ्यांना तर रस्ताच मिळाला नाही.

२९ मार्चच्या रात्री साडेनऊला सिस्टरांचा निरोप आला आणि मी धावत दवाखान्यात गेलो. फाटकातून आत शिरतो तोच पटांगणात काका. पळत. हातात बर्फाचा डबा, त्यात रक्ताच्या पिशव्या. मला बघून थांबले नाहीत. थांबण्यासारखं काम नव्हतं ते.

मी साहेबांचा ४६ काढून टाकला. पाच मिनिटांचं काम. आणि जे मी सहा महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं, ते त्या रात्री केलं: पहिल्या रांगेत येणाऱ्यांनाही लगाम. प्रत्येक फोनच्या पोर्टला ४६चे १२८ किलोबिट, बस्स. बोलायला ८७ लागतात, तेवढे आरामात मावतात. त्याच्या वर जे येईल ते फेका. ज्याला सगळ्यांच्या पुढे सोडायचं, त्यालाच सगळ्यात कडक मर्यादा हवी, नाहीतर मागच्यांनी जगायचं कसं? आबांची मालगाडी मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी स्विचने मोजलेले आकडे छापून मी साहेबांकडे गेलो. पाय कापत होते. कोणत्या पोर्टवरून पहिल्या रांगेत किती माल आला, दुसऱ्या रांगांतली किती पाकिटं फेकली गेली, सगळं त्या कागदावर होतं. मी सांगितलं, तुमचा नंबर काढलाय. आणि हेही सांगितलं की त्यामुळे कॅज्युअल्टीचे फोन बंद पडले होते, काकांना रक्तासाठी पळावं लागलं.

साहेबांनी कागद बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे?"

"नाही साहेब. तुम्ही फक्त मागितलं. दिलं मी."

ते गप्प बसले. मग विचारलं, "काका म्हणजे कोण?"

मी सांगितलं. रात्रपाळीचे वॉर्डबॉय, उंच आहेत, डोक्याला पांढरा रुमाल असतो. साहेबांना चेहरा आठवेना. अठरा वर्षं काका त्या दवाखान्यात होते.

कंत्राट पुढे अकरा महिन्यांचं झालं. का झालं, ते मी कधी विचारलं नाही. नवी फायबर २०१८ साली पडली, रस्ता दहापट रुंद झाला. तेव्हा बरोबरचा एक मुलगा म्हणाला, आता हे सगळे हुकूम काढून टाकू की, जागा भरपूर आहे. मी काढले नाहीत. कॅमेरे तोवर दुप्पट झाले होते आणि सर्व्हर अजूनही झुंडीनेच माल सोडतात. गर्दी क्षणभराची असली तरी बोलणं तेवढ्यातच तुटतं. फक्त बॅकअपचा वेग वाढवला. त्यालाही लवकर घरी जाऊ द्यावं.

काकांना मी ४६चं प्रकरण खरं खरं सांगितलं, पण लगेच नाही, वर्षभराने, चहाच्या टपरीवर. मधलं कंत्राटाचं सुद्धा सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "तुला लेकरू झालं व्हतं ना तवा?" मी मान हलवली. त्यांनी चहाचे पैसे दिले. मला देऊ दिले नाहीत.

२०१९ साली ते निवृत्त झाले. शेवटच्या रात्रपाळीला मी पेढे घेऊन कॅज्युअल्टीत गेलो होतो. दोनचा सुमार होता. अपघाताची एक केस आली, सिस्टर सलाइन लावण्यात गुंतलेल्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "काका, रक्तपेढीला विचारा, बी निगेटिव्ह आहे का?"

काकांनी फोन उचलला. नंबर त्यांना पाठ होता.

"कॅज्युअल्टीतून बोलतोय. बी निगेटिव्ह हाय का? ... दोन? ... ठेवा काढून. नमुना घेऊन येतो." आणि माझ्याकडे बघत फोनमध्ये म्हणाले, "नाय नाय, पळत नाय. चालतच येतो."